कवडसा विझवू नका

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. कोथरूडमधल्या एका थ्री-बीएचकेच्या हॉलचा थ्रीडी व्ह्यू आम्ही सकाळी पाठवला आणि जेवायच्या सुमारास फोन आला. "बाकी सगळं मस्त जमलंय मॅडम, पण सोफ्यासमोरचं ऊन जळलंय. फरशी दिसतच नाही. तेवढं कमी करून द्या." मी फोनवर बोलत होते तोवर शेजारच्या मशीनवर बसणाऱ्या आमच्या पोराने सूर्य निवडला आणि त्याची तीव्रता १ वरून ०.०५ वर आणली. "ताई, झालं बघा." पांढराफटक डाग खरंच गेला होता, टाइल्सचे सांधे परत दिसत होते. पण खोली मेली होती. छत राखेसारखं, सोफ्यामागची भिंत मळकट, कोपरे काळे. मग त्याने छताजवळ एक न दिसणारा दिवा टांगला. तेवढ्याने भागेना म्हणून खिडकीत दुसरा, टीव्हीच्या भिंतीसमोर तिसरा. संध्याकाळपर्यंत त्या हॉलमध्ये सात खोटे दिवे लागले होते. चित्र स्वच्छ होतं, फर्निचरच्या शोरूमसारखं. त्यात कुणी राहत असेल असं मात्र वाटत नव्हतं.

त्या पोराला मी बोल लावत नाही. घरांची थ्रीडी चित्रं करण्याच्या या धंद्यात मला अठरा वर्षं झाली आणि त्यातली पहिली पाच-सहा मीही हेच केलं. ऊन जळलं की सूर्य कमी करायचा, ही आमच्यातली सर्वांत पक्की सवय आहे आणि माझ्या मते सर्वांत चुकीचीही. सूर्य जेवढा असतो तेवढाच असतो. जळतं ते आपण धरलेल्या एक्स्पोजरमुळे, भिंतींना दिलेल्या रंगामुळे, उजेडाचे आकडे पडद्यावर आणणाऱ्या गणितामुळे. ते तपासायचं सोडून सूर्यालाच हात घातला की खोलीचं आणि बाहेरच्या जगाचं नातं तुटतं. मग ते जोडायला सात दिवे लागतात, आणि तरी ते जोडलं जात नाही.

आधी मोजमाप पाहू. स्वच्छ आकाश असताना भर दुपारी उघड्यावर सुमारे १,००,००० लक्स उजेड पडतो. त्याच वेळी खिडकीपासून आठ-दहा फूट आत, दिवा न लावता, पाचशे-सहाशे लक्स मिळाले तरी ती खोली उजेडाची म्हणायची. म्हणजे फरशीवर पडलेलं ऊन आणि त्याच्या शेजारची सावली यांत शंभरपटीचा फरक सहज असतो. फोटोग्राफीच्या भाषेत सांगायचं तर आयएसओ १०० धरून टळटळीत उन्हाचा फोटो एफ १६ आणि १/१२५ सेकंदाला नीट येतो. त्याच आयएसओवर हॉलच्या आतला भाग नीट यायला एफ ८ आणि पाव सेकंद लागतो. एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड, तेव्हा हे अंतर सुमारे सात स्टॉपचं, म्हणजे १२८ पटींचं आहे. आत उजेड यावा म्हणून कॅमेरा सात स्टॉप उघडला की बाहेरचं ऊन १२८ पटींनी फुटणारच. सूर्य इथे बिघडलेला नाही, हा सरळ भागाकार आहे.

आता ज्या डागाला आपण दोष देतो तो खोलीसाठी काय करतो ते पाहा. डिसेंबरात दुपारी पुण्यात सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर असतो. किरणांचा तिरपेपणा आणि खिडकीची काच यांत काही उजेड जातो, तरी फरशीवर ६०,००० लक्सच्या आसपास ऊन पडतं. एक चौरस मीटरचा तुकडा धरा, साधारण सव्वातीन फूट लांब आणि तेवढाच रुंद. त्यावर ६०,००० ल्युमेन पडले आणि फरशीने त्यातले ३० टक्के परत फेकले, तर १८,००० ल्युमेन खोलीत उसळतात. आपल्या घरातला ९ वॅटचा एलईडी बल्ब सुमारे ९०० ल्युमेन देतो. म्हणजे फरशीवरचा तो एक तुकडा वीस बल्बांचं काम करत असतो, आणि तेही खालून वर. छत उजळतं ते त्याच्यामुळे, सोफ्याच्या हाताखाली तांबूस छटा येते ती त्याच्यामुळे, समोरच्या माणसाची हनुवटी काळी पडत नाही तीही त्याच्यामुळे. आमच्या पोराने सूर्य वीसपट कमी केला तेव्हा वीसातले एकोणीस बल्ब विझले. पुढचे सात दिवे त्याने छताजवळ आणि भिंतींवर लावले. उजेडाची दिशाच उलटी झाली. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी खोटं आहे हे त्याच्या डोळ्यांना कळतं.

डोळ्यांचा विषय निघाला म्हणून आजोळची आठवण सांगते. आजोळ वाईचं, जुना वाडा. मे महिन्यात चौकातल्या रणरणत्या उन्हातून माजघरात पाऊल टाकलं की डोळ्यांपुढे नुसता अंधार यायचा. मी अडखळायचे. आजी आतून म्हणायची, "थांब जरा, डोळे आत येऊ देत." मिनिटभरात फडताळ दिसायला लागायचं, मग पितळी डबे, मग समईची वात, मग आजीचा चेहरा. खोलीतला उजेड तेवढाच होता, बदलले होते माझे डोळे. आणि आत स्थिरावल्यावर मागे वळून चौकाकडे पाहिलं की तिथलं ऊन पांढरं, डोळे दिपवणारं दिसायचं. मघाशी त्याच उन्हात खेळताना मला फरशीवरच्या मुंग्या दिसत होत्या.

आजीचं ते वाक्य मी नव्या मुलांना पहिल्या दिवशी सांगते, कारण एक्स्पोजर म्हणजे तेवढंच. चित्र बघणारा माणूस खोलीत येऊन किती वेळ झाला, हे आधी ठरवा. तो आत्ताच दारातून शिरलाय, की तासभर सोफ्यावर बसून चहा घेतोय? तासभर बसलेल्या माणसाला खिडकीजवळचं ऊन लख्ख, थोडं फिकुटलेलं दिसणारच. दिसलंही पाहिजे. हे न ठरवता आपण एकाच चित्रात चौकातले डोळे आणि माजघरातले डोळे दोन्ही मागतो आणि मिळाले नाहीत की सूर्यावर राग काढतो.

अर्थात डोळा आणि पडदा यांत मोठा फरक आहे. डोळा भिंतीवरून उन्हावर आणि उन्हावरून भिंतीवर फिरताना क्षणोक्षणी सावरत असतो. पडद्याला हे जमत नाही. तिथे प्रत्येक रंगाला ० ते २५५ एवढ्याच पायऱ्या असतात. चित्र तयार करणारं, म्हणजे रेंडर करणारं, सॉफ्टवेअर आत मात्र खऱ्या उजेडाचे आकडे मोजत असतं, भिंत ०.४, फरशीवरचं ऊन १५. हे १५ पडद्यावर कसं दाखवायचं? सर्वांत आळशी उत्तर म्हणजे एकाच्या वरचं सगळं कापून पांढरं करायचं. आमच्या धंद्यातली निम्मी जळलेली उन्हं या एका कापण्याने जळतात.

या प्रश्नावर फार हुशार माणसांनी फार मन लावून काम केलं आहे. अमेरिकेत ॲन्सेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या आसपास झोन सिस्टिम मांडली. डोंगरावरच्या बर्फापासून दगडाच्या खाचेतल्या काळोखापर्यंतचा पल्ला फोटोच्या कागदावर अकरा पायऱ्यांत कसा बसवायचा, याची ती शिस्त होती. ॲडम्स आधी ठरवत, कोणती वस्तू कोणत्या पायरीवर हवी, आणि मग शटर दाबत. लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत ग्रेग वॉर्ड यांनी रेडिअन्स हे सॉफ्टवेअर लिहिलं आणि पडद्याच्या मर्यादेत न अडकता खरा उजेड साठवता येईल अशी फाइलही तयार केली. १९९७ मध्ये पॉल डेबेव्हेक आणि मथुरेत जन्मलेले जितेंद्र मलिक यांनी एकाच दृश्याच्या कमी-जास्त एक्स्पोजरच्या फोटोंतून त्या दृश्यातला मूळ उजेड परत मिळवण्याची रीत दाखवली. आणि २००२ मध्ये एरिक राइनहार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲडम्स यांची झोन सिस्टिमच संगणकाच्या चित्रांसाठी आणली. त्यांच्या सूत्राचं सर्वांत साधं रूप शाळेतल्या मुलालाही कळेल असं आहे. उजेडाच्या आकड्याला, त्यात एक मिळवून येणाऱ्या आकड्याने भागायचं. १ असेल तर उत्तर ०.५. १० असेल तर ०.९१. १०० असेल तर ०.९९. कितीही ऊन आलं तरी उत्तर एकाच्या पलीकडे जात नाही, आणि १० व १०० यांतला फरकही पुरता पुसला जात नाही. सावल्या आपल्या जागी राहतात, वरचं टोक हळूच वाकतं.

आज हे सगळं हाताशी आहे. कोरोना या रेंडरच्या सॉफ्टवेअरमध्ये हायलाइट, म्हणजे चित्रातले सर्वांत उजळ भाग, दाबणारं हायलाइट कम्प्रेशन आहे, व्ही-रेमध्ये त्यासाठीच हायलाइट बर्न आहे. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरने उजेडाचे आकडे पडद्यावर आणणारं रूपांतर, २०१९ च्या २.८० आवृत्तीत फिल्मिक आणि २०२३ च्या ४.० आवृत्तीत एजीएक्स, मूळ सेटिंग म्हणूनच देऊन टाकलं. तरीही ट्यूटोरियल बघून शिकलेली मुलं ते बदलून साध्या, वरचं कापणाऱ्या सेटिंगवर जातात, कारण पहिल्या नजरेला त्यात रंग जास्त भडक दिसतात. त्या भडकपणाची किंमत उन्हात मोजावी लागते. संध्याकाळच्या केशरी उन्हाचं उदाहरण घ्या. त्यात लाल सर्वांत जास्त, हिरवा मध्यम, निळा अगदी थोडा. कापणाऱ्या सेटिंगमध्ये लाल आधी कमाल मर्यादेला टेकतो आणि थांबतो, हिरवा मात्र वाढतच राहतो. परिणामी केशरी उन्हाच्या मधोमध हळद सांडल्यासारखा पिवळा पट्टा उमटतो. आकाशात किंवा फरशीवर तो कुणीही कधी पाहिलेला नाही. फिल्मवर आणि डोळ्यांत रंग असा उडी मारत नाही. ऊन जसं प्रखर होत जातं तसा तो फिका होत होत पांढऱ्याकडे सरकतो. एजीएक्ससारखी रूपांतरं नेमकं हेच करतात, म्हणून त्यांना निस्तेज म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही.

पण रूपांतराच्याही आधी भिंती आणि फरशी बघा. या बाबतीत मी हट्टी आहे. कोथरूडच्या त्या सीनमध्ये भिंतीचा पांढरा रंग २५५ पैकी २५० वर होता, म्हणजे भिंत आपल्यावर पडलेल्या उजेडातला ९५ टक्के परत फेकत होती. अशी भिंत जगात नाही. नव्याने पांढरा रंग दिलेली चांगली भिंत ८० टक्क्यांच्या आसपास परत देते आणि सॉफ्टवेअरमध्ये तिचा आकडा २३१ च्या जवळ येतो. हा फरक किरकोळ वाटेल, पण उजेड एकदाच उसळून थांबत नाही, भिंतीवरून छतावर, छतावरून भिंतीवर जात राहतो. सगळीकडून बंद, एकसारख्या रंगाची खोली मानली तर ८० टक्क्यांच्या भिंती मूळ उजेड एकूण पाचपट करतात आणि ९५ टक्क्यांच्या वीसपट. खऱ्या खोलीला खिडक्या असतात, सामान असतं, त्यामुळे एवढा फरक पडत नाही. पण दिशा तीच. आपणच भिंतींना चुकीचा पांढरा देतो, खोली धुक्यासारखी भरते, कॉन्ट्रास्ट मरतो, आणि मग म्हणतो ऊन जास्त झालंय. साधी परीक्षा सांगते. सीनमध्ये टीपॉयवर कोऱ्या झेरॉक्स कागदाचा तुकडा ठेवा आणि कागद खरा किती उजळ असतो तेवढाच ठेवा. भिंत त्याच्यापेक्षा उजळ दिसली तर भिंत खोटी आहे.

फरशीचंही तसंच. आपल्या जुन्या घरांत ऊन का जळत नव्हतं? शहाबादी फरशी, कडप्पा, कोटा, त्याआधी शेणाने सारवलेली जमीन, हे सगळे गडद पृष्ठभाग. ऊन पडलं की त्यातलं बरंचसं ते गिळत. आता दोन बाय दोनची क्रीम रंगाची, आरशासारखी गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल आली. ती ऊन परत फेकते आणि वर खिडकीचं प्रतिबिंबही दाखवते. अशा फरशीवर प्रत्यक्षातही ऊन डोळ्यांना खुपतं, लोक दुपारी पडदे ओढून बसतात. मग चित्रात ते खुपू नये असा हट्ट का? क्लायंटला खरं सांगावं की ही फरशी पश्चिमेच्या खिडकीसमोर त्रास देईल. चित्राचा हाच तर उपयोग आहे. सूर्य कमी करून मी तो त्रास लपवला तर मी त्यांचं काय भलं केलं?

इथे एक आक्षेप येतो आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. चित्र म्हणजे लक्समीटर नव्हे, चित्रकार नेहमीच उजेड बदलत आला आहे, मग आम्हीच हात का बांधून घ्यायचे? सावंतवाडीत जन्मलेल्या सा. ल. हळदणकरांचं दिवा घेतलेल्या स्त्रीचं चित्र पुष्कळांनी पाहिलं असेल. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात ते आहे आणि ते जलरंगातलं आहे. एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा आडोसा, बोटांमधून झिरपणारा तांबूस उजेड आणि चेहऱ्यावर उतरलेली त्याची आभा. जलरंगात कागदाच्या पांढऱ्यापेक्षा उजळ काहीच मिळत नाही. खरी ज्योत तर कागदापेक्षा कितीतरी पटींनी तेजस्वी. तरी ते चित्र पेटलेलं दिसतं, कारण चित्रकाराने दिव्यापासून चेहऱ्यापर्यंत आणि चेहऱ्यापासून पदरापर्यंत उजेडाची उतरंड सांभाळली आहे. उजेडाचं प्रमाण त्याने दाबून लहान केलं, क्रम मोडला नाही. त्या बाईच्या मागे त्याने दुसरा दिवा लावला नाही. माझं म्हणणं एवढंच आहे. पल्ला दाबा, हवा तेवढा दाबा, ते कलावंताचं कामच आहे. सूर्य विझवून सात दिवे लावलेत तर उतरंडच राहत नाही.

उलट टोकाचीही चूक मी रोज बघते आणि ती मला जळलेल्या उन्हापेक्षा जास्त खुपते. हायलाइट इतके दाबायचे की फरशीवरचं ऊन आणि भिंत सारख्याच उजळ, खिडकीबाहेरच्या झाडाचं पान न् पान स्पष्ट, आकाश निळं, सोफाही स्पष्ट. सगळंच दिसतं म्हणून कशावरच नजर ठरत नाही. अशा चित्रात ऊन राहत नाही, पिवळ्या रंगाचा गालिचा पसरल्यासारखं दिसतं. माझं मत आहे की उन्हाच्या डागाचा गाभा थोडा जळू द्यावा. कडा मात्र सांभाळाव्यात.

कडांबद्दल थोडं थांबून सांगते, कारण ऊन खरं की खोटं ते तिथे ठरतं. सूर्य आपल्याला बिंदूसारखा दिसत नाही, आकाशात त्याची रुंदी साधारण अर्धा अंश भरते. त्यामुळे सावलीची कड जसजशी वस्तूपासून दूर जाते तसतशी मऊ होते. खिडकीच्या चौकटीपासून दोन मीटरवर पडलेल्या उन्हाची कड सुमारे १.९ सेंटिमीटर विरघळलेली असते. आपल्या खिडकीच्या ग्रिलची सळई १२ मिलिमीटरची धरली तर सव्वा मीटरच्या थोडं पलीकडे तिची पूर्ण काळी सावली संपते, पुढे नुसती धूसर रेघ राहते. आजोळच्या माडीवर कौलांच्या फटीतून जे कवडसे पडत ते फट कशीही वेडीवाकडी असली तरी दुपारी गोल असत, कारण प्रत्येक कवडसा हे सूर्याचंच प्रतिबिंब असतं. तीन मीटर उंचीवरून पडणारा कवडसा पावणेतीन सेंटिमीटरचा, जुन्या रुपयाच्या नाण्याएवढा. ग्रहणात तेच कवडसे चंद्रकोरीसारखे होत, हे आजोबांनी दाखवलेलं मला आठवतं. आता जळलेल्या रेंडरमध्ये काय होतं बघा. कडेचा विरघळलेला भागही कमाल मर्यादेला टेकतो, मग उन्हाचा तुकडा फुगतो आणि ग्रिलची धूसर सावली तो गिळून टाकतो. क्लायंट म्हणतो "फरशी दिसत नाही", पण त्याला चुकल्यासारखं वाटत असतं ते बहुधा ग्रिलचं. एक्स्पोजर दीड-दोन स्टॉप खाली आणलं, वरचं टोक वाकवलं की ती सावली परत येते आणि गाभा थोडा पांढरा राहिला तरी कुणी तक्रार करत नाही.

कोथरूडच्या हॉलचं पुढे मी तेच केलं. सातही दिवे काढले, सूर्य परत १ वर नेला. भिंत २३१ वर आणली, टाइलचा गुळगुळीतपणा नमुन्याच्या टाइलशी ताडून कमी केला. एक्स्पोजर सोफ्यावर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यासाठी धरलं, हायलाइट दाबले. त्या घरात पातळ पडदा लागणारच होता, तो अर्ध्या खिडकीवर ओढला. फाइल ईएक्सआरमध्ये ठेवली. तिच्यात उन्हाचा आकडा १५ असेल तर १५ च राहतो आणि उद्या मत बदललं तर परत वळवता येतो. जेपीजीत तो एकदा २५५ वर कापला गेला की त्याच्या वर किती होतं ते कुणालाही परत मिळत नाही. हे सगळं तासाभरात झालं. सात दिवे लावायला अख्खी दुपार गेली होती.

इतका वेळ मी तंत्रावर बोलले. पण मला हा लेख ज्यासाठी लिहावासा वाटला ती गोष्ट वेगळी आहे. काही वर्षांपूर्वी एका प्रकल्पासाठी मी हॉलचं एक चित्र केलं होतं. सकाळचं कोवळं ऊन, सोफ्यावर पसरलेलं, जमिनीवर कुंडीची लांब सावली. चित्र गाजलं, जाहिरातीत मोठं छापून आलं. पुढे ताबा मिळाल्यावर एक निवृत्त शिक्षक तिथे राहायला आले. त्यांची माझी ओळख योगायोगाने झाली. त्यांच्या पत्नीचे गुडघे दुखत, सकाळी उन्हात बसता येईल म्हणून त्यांनी तो फ्लॅट घेतला होता. हॉलची खिडकी उत्तरेला होती. थंडीच्या महिन्यांत, जेव्हा ऊन हवंहवंसं वाटतं, तेव्हा त्या खोलीत सूर्याचा एक किरणही येत नाही. येणं शक्यच नव्हतं, आणि मॉडेलमध्ये उत्तर दिशा कुठे आहे ते मी तपासलंसुद्धा नव्हतं. सूर्य जिथून छान दिसेल तिथे मी तो ठेवला होता. ते काका मला एक शब्दही रागाने बोलले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "तुम्ही ते ऊन कुठून आणलं होतं?"

त्या प्रश्नानंतर मी सूर्य हाताने सरकवणं बंद केलं. पुणे सुमारे १८.५ उत्तर अक्षांशावर आहे. इथे डिसेंबरात सूर्य पूर्वेपासून सुमारे २५ अंश दक्षिणेला उगवतो, जूनमध्ये तेवढाच उत्तरेला. मे महिन्याच्या मध्यावर एका दुपारी तो बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. दक्षिणेच्या खिडकीची वरची कड जमिनीपासून २.१ मीटरवर असेल तर डिसेंबरातल्या भर दुपारी ऊन १.९ मीटर आत येतं. वर दोन फुटांचा छज्जा असेल तर सव्वा मीटरच्या आसपासच. मार्चमध्ये त्याच खिडकीतून, छज्जा नसतानाही, जेमतेम ७० सेंटिमीटर. मेच्या दुपारी शून्य. हॉल ओलांडून स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत जाणारी तिरीप फक्त सकाळ-संध्याकाळच्या उतरत्या सूर्याची असू शकते, आणि तीही पूर्व-पश्चिमेकडची खिडकी असेल आणि समोर दुसरी इमारत नसेल तरच. हे आकडे बघायला आज दोन मिनिटं लागतात. सॉफ्टवेअरमध्ये गाव, तारीख, वेळ आणि उत्तर दिशा घातली की सूर्य आपोआप जागेवर बसतो.

सूर्याची जागा आणि सूर्याची तीव्रता या दोन गोष्टी मला वेगळ्या वाटत नाहीत. जो सूर्य आपल्या सोयीने वीसपट कमी करतो, तो त्याच सोयीने त्याला उत्तरेलाही उगवू देतो. सवय एकच आहे. आणि हा प्रश्न नुसत्या सवयीचा नाही, कायद्याचाही आहे. स्थावर संपदा अधिनियम, २०१६ च्या कलम १२ नुसार जाहिरातीतल्या किंवा नमुना फ्लॅटमधल्या खोट्या माहितीवर विसंबून कुणी पैसे भरले आणि त्याचं नुकसान झालं, तर विकासकाला भरपाई द्यावी लागते. चित्राच्या कोपऱ्यात "कलाकाराची कल्पना" असं बारीक अक्षरात छापण्याची पद्धत आहे. पडद्याचा रंग, भिंतीवरचं चित्र, टीपॉयवरची फुलं या कल्पना असू शकतात. सूर्य कुणाची कल्पना नाही. तो त्या घरावर कधी, कुठून आणि किती वेळ येणार हे इमारतीचा पाया खणण्याआधीच ठरलेलं असतं.

माझ्या धंद्यातल्या मुलामुलींना म्हणून एवढंच सांगायचं आहे की पुढच्या वेळी ऊन जळलं तर सूर्याला सर्वांत शेवटी हात लावा. आधी उत्तर दिशा, मग भिंतीचा आकडा, मग एक्स्पोजर, मग हायलाइट. आणि घर घेणाऱ्यांना विनंती आहे. जाहिरातीतल्या हॉलमध्ये ऊन पसरलेलं दिसलं तर ते कोणत्या महिन्यातलं, किती वाजताचं आणि खिडकी कोणत्या दिशेला, हे तिथेच विचारा. मोबाइलमध्ये होकायंत्र असतं, फ्लॅट बघायला जाल तेव्हा खिडकीत उभं राहून ते उघडा. मी माझ्या प्रत्येक चित्राखाली आता महिना, वेळ आणि दिशा लिहून देते. कुणी लिहिलं नसेल तर मागून घ्या.